सोवळ्याची धाबळी

आमचे धाकटे भाऊजी थंडीने गेले.
हो, गिरगावातला माणूस. थंडीने.

आज त्यांची तिथी. सकाळी पान वाढलं आणि वाटलं, इथे लिहावं. त्यांना पाहिलेली आता मी एकटीच उरले.

संयुक्त महाराष्ट्रासाठी दिल्लीला सत्याग्रहींची तुकडी निघाली होती. ऐन पौषात. भाऊजींनी नाव दिलं. मी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली.

घरात एक स्वेटर नाही. मुंबईत कोण घेतो?

खालच्या मजल्यावरचे अण्णा मिलिटरीत राहून आलेले. ते सांगून गेले, "एकच जाड घालू नको रे. पातळ पातळ घाल, सैल, एकावर एक. पण अंगालगत लोकर हवीच."

मग मी बनियनवर सदरा, त्यावर ह्यांचा सदरा, त्यावर ह्यांचा लग्नातला कोट, असं चढवून बघितलं.

"वहिनी, मला दिल्लीला पाठवताय की माझा कांदा करताय?"
"हसा! तिकडे दात वाजले की आठवेल वहिनी."

पण लोकर?

ती घरात एकच. सासूबाईंची धाबळी, पूजेला नेसायचं लोकरीचं वस्त्र. उंच दांडीवर असायची, काठीने काढायची. कोणी चुकून शिवलं तर दिवसभर बोलणी.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी ती स्वतः हाताने खाली ओढली. आंघोळीच्या आधी.
आणि भाऊजींच्या उघड्या छातीला गुंडाळायला लागल्या.

एरवी सोवळ्याची टिंगल करणारे भाऊजी, पण त्या दिवशी त्यांनीच विचारलं,
"आई, अगं, तू पूजा कशात करणार?"
"ओलेत्याने करीन. तू हात वर कर."

आणि खरंच, त्या रोज थंड पाण्याने न्हाऊन तशाच ओल्या लुगड्यात देवापुढे बसायच्या.

भाऊजी परत आले ते तापाने फणफणलेले. मैदानात उघड्यावर झोपले होते. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया.

त्यांची पिशवी मी सोडली. वरच धाबळी. धुतलेल्या पंच्यात, नीट घडी करून बांधलेली.

"भाऊजी, ही अंगात नव्हती?"
"गाडी सुटली आणि काढली. गर्दीत, तुरुंगात कुठे कुठे शिवली असती... आईला परत नेसता आली नसती."

सासूबाई उशाशीच होत्या.
"अरे, मी हात लावला तेव्हाच ते सोवळं संपलं रे बाळा. तुझ्यासाठी संपवलं मी."

भाऊजी त्याच आठवड्यात गेले.

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीत रोषणाई. शेजारणीने सासूबाईंच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी मूठ मिटली ती चुरा होईपर्यंत उघडलीच नाही.

मी अजून रोज पूजा करते. सवयीने. देवाला विचारायचं ते विचारून झालं, उत्तर आलं नाही. आता येणारही नाही.

देवाचं काही बिघडलं नसतं हो, भाऊजी.

तुमच्या स्मृतीला वहिनीचा नमस्कार.