फळ्यावरची उत्तरं

सौंसरच्या रस्त्याने जाताना संत्र्याच्या फुलांचा वास आला, की मला दहावीचा तो गणिताचा पेपर आठवतो. वर्गावर माझी ड्यूटी होती. शाळेचा निकाल पडू नये म्हणून हेडमास्तरांनी सांगितलं, तशी मी मुकाट्याने उत्तरं फळ्यावर लिहीत गेले. खिडकीतून तो गोड वास येत होता, सगळे भराभर उतरवत होते, आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून स्वतःच गणितं सोडवत होती. "फळ्यावर पाह्य वं," मी म्हटलं. "नाही मॅडम, माहं मी करून राहिली," ती म्हणाली. वर्गात ती एकटीच नापास झाली. तिचे वडील तिला घेऊन शाळेत आले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, साऱ्या पोट्ट्याइले सांगतलं तुमी, मंग माह्या पोरीलेच काऊन नाही?" ती त्यांच्यामागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. खरं काय ते मला सांगता आलं असतं. "सप्लीमेंट्रीले सांगीन," मी म्हटलं. वडिलांना बरं वाटलं. सप्लीमेंट्रीला, म्हणजे फेरपरीक्षेला, तिने फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं आणि ती पास झाली. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आताही मी आत चाचपून बघते, पण हाताला काही लागत नाही.