टिंबांमागच्या ओळी

"तुमच्या घराण्याला मोजायची सवय हाय, तात्या. मेंढरं गेली, आता ओळी मोजा."

अधीक्षक साहेब सगळ्यांदेखत बोलले. आमचं घराणं मेंढपाळांचं. कचेरी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीतल्या एका संस्थेत मी कारकून. शेळगावहून एस.टी.नं यायचो. वय बेचाळीस, नोकरी सतरा वर्षं. बढतीसाठी तीनदा मुलाखत दिली, तीनदा डावललं. साहेब म्हणायचे, "गुण कमी पडले." किती कमी? ते कधीच सांगितलं नाही. इथंच मला काहीतरी काळंबेरं असल्याचा वास यायचा.

पुण्याच्या मुख्य कचेरीत नवी संगणक प्रणाली आली होती. तिला ठळक अक्षरं, समास, चौकटी काही चालत नसे. नुसता साधा मजकूर हवा. जुनी फाईल उघडायची, साध्या मजकुरात साठवायची, फ्लॉपीवर घ्यायची. साहेबांच्या लेखी ही हमाली. म्हणून माझ्याकडं.

मी छापील प्रतीच्या ओळी मोजायचो, मग नव्या फाईलच्या. आकडा जुळला तरच पुढं.

चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतः टाईप केलेला बढतीच्या मुलाखतींचा अहवाल हाती आला. कागदावर अडतीस ओळी. पडद्यावर एकेचाळीस. चूक माझीच असणार. पुन्हा केलं. एकेचाळीस.

जादा तीन ओळींच्या आधी दोन-दोन टिंबं होती. जुन्या प्रणालीत तशी ओळ म्हणजे लिहिणाऱ्याची खासगी टीप. ती कागदावर छापली जात नाही, पण फाईलमध्ये राहते. अक्षरं इंग्रजी, बोली आमचीच. माझ्या नावाखाली लिहिलं होतं:

"गुण सर्वांत जास्त.
तरी नको.
मेंढक्याच्या हाताखाली आपली पोरं बसणार न्हाईत."

तीन ओळी मी तीनदा वाचल्या. मग साहेबांना बोलावून दाखवल्या.

"व्हय, मग? छापत न्हाय ते. काढून टाका अन् फ्लॉपी द्या."

"तुमी लिहिलंय. तुमीच काढा."

"तात्या, अजून सोळा वर्षं काढायचीत हितं."

"ठाऊक हाय."

कचेरीत कुणी हसलं नाही. साहेबांनीही हात लावला नाही. सगळे बघत होते.

साध्या मजकुरात टिंबांमागचंही छापलं जातं; मी एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी छापल्या. खाली सही केली. जावक नोंदवहीत क्रमांक टाकला आणि फ्लॉपीसोबत कागद पुण्याला धाडला.

बढती मिळाली का, असं लोक विचारतात. नाही. महिन्याभरात सुप्याला बदली मिळाली. पुण्याहून उत्तर आलं नाही. मी दुसरं पत्र पाठवलं, मग तिसरं; आजवर थांबलो नाही. प्रत्येकासोबत त्याच कागदाची प्रत. उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार. माझ्याबद्दल चोरून लिहिलेलं मी उघड वाचणार, मोठ्यानं वाचणार, लिहिणाऱ्याचं नाव घेऊन वाचणार.