पडदा पडेपर्यंत

ऑब्रे सेंट क्लेअर वारला तेव्हा लंडनच्या पेपरांनी त्याला अर्धं पान दिलं. फोटोत त्याच्या मांडीवर कुत्रा होता. रंगभूमीवरचा शेवटचा सभ्य माणूस गेला, असं खाली कुणीतरी लिहिलं होतं. त्या लिहिणाऱ्याने ऑब्रेच्या घरी एक रविवार काढला असता तर त्याची लेखणी जागच्या जागी थिजली असती.

मेव्हिस थर्टल त्याच्यानंतर गेली. तिला दोन ओळी मिळाल्या आणि त्यातली एक ऑब्रेची होती: त्याची पहिली बायको. खरं तर टीव्हीवर तिला मरताना पाहिलं नाही असं घर अख्ख्या इंग्लंडात सापडायचं नाही. ती कालव्यात बुडाली, जिन्यावरून ढकलली गेली, उशीखाली गुदमरली, कुऱ्हाडीखाली आली. दुकानात बायका तिच्याकडे टकमक बघायच्या आणि आपण हिला कुठे बरं पाहिलं म्हणून डोकं खाजवायच्या. कामावर येताना ती एकच अट घालायची. गळा दाबायचा असेल तर समोरून, मागून नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. पण आमच्या रॅम्सक्लफ गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण ती गोष्ट आमच्याच ऑल्बियन थिएटरात घडली.

ऑल्बियनमध्ये तेव्हा दर सोमवारी नवं नाटक लागायचं आणि शनिवारी संपायचं. सकाळी पुढच्या आठवड्याच्या तालमी, संध्याकाळी चालू नाटक, मधल्या वेळात चिप्स खात पाठांतर. गिरणीचं गाव, त्यामुळे लोकांना खून लागायचे. चहा पितापिता चाललेली प्रेमप्रकरणं आमच्याकडे बुधवारपर्यंतच दम सोडायची. खून मात्र शनिवारपर्यंत खुर्च्या भरायचा. आणि खून म्हटला की मेव्हिस आलीच.

ती नॉरफकच्या किनाऱ्यावरची, कोळ्याची मुलगी. दिसायला बेताची, आवाजही बेताचा, पण मरावं तर तिने. जोनास पाइक नावाच्या म्हाताऱ्याने तिला हे काम शिकवलं. जोनास आधी जत्रेत कुस्त्या खेळायचा, मग नाटकातल्या मारामाऱ्या बसवायला लागला. तो म्हणायचा, मारणारा काही करत नाही. त्याने नुसते हात ठेवायचे. धडपडायचं, गुदमरायचं, डोळे पांढरे करायचे, सगळं मरणाऱ्याने. गळा दाबणाऱ्याची मनगटं मरणाऱ्यानेच धरायची आणि स्वतःच्या गळ्याकडे ओढायची. बघणाऱ्याला वाटतं, ही हात सोडवते आहे. खरंच लागलं तर मनगटावर दोन थापा मारायच्या. दोन थापा बसल्या की देव जरी गळा दाबत असला तरी त्याने सोडायचं. हा धंद्याचा कायदा. आणि करंगळीला कधी हात लावायचा नाही. करंगळी मागे गेली की कितीही दांडगा माणूस पोरासारखा रडतो, असं सांगताना जोनास आपली वाकडी करंगळी दाखवायचा.

दुसरा कायदा असा की मेलेल्याने पडदा पडेपर्यंत हलायचं नाही. मेव्हिसच्या ओठावर गांधीलमाशी बसली होती, तरी ती हलली नाही. एकदा वरून दिव्याची तापलेली काच तिच्या पोटरीवर पडली. मांस भाजल्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला, आणि बाई तशीच मेलेली. पडदा पडल्यावर ती जी किंचाळली ती बाहेर बसच्या रांगेत ऐकू आली म्हणतात.

पहिल्या तीन रांगा विणकर बायकांच्या. गिरणीत मागांच्या खडखडाटात कानाचा काही उपयोग नसतो, त्यामुळे आमच्या बायका ओठांवर बोलतात आणि ओठांवरचं वाचतात. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेचं गाऱ्हाणं आवाज न करता सांगते. थिएटरातही मध्यंतरात त्यांची तोंडं सारखी चालू असायची. नाटकवाले सगळे बाहेरगावचे. त्यांना वाटायचं, बायका टॉफी चघळताहेत.

ऑब्रे कंपनीचा नायक. खरं नाव आल्बर्ट हिक्स, पण ते नाव घेतलं तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. उंच, गालावर खळी, दारात भेटणाऱ्या प्रत्येक बाईसाठी टोपी काढणार. खायचे दात मात्र वेगळे. घरी तो मेव्हिसला मारायचा, तेही हिशेबाने, कपड्याखाली झाकेल तिथे. बरगड्या, मांड्या, पाठ. एकदा केस धरून तिचं डोकं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं आणि लगेच नाटकातला केसांचा टोप तिच्या डोक्यावर नीट बसतोय ना ते पाहिलं. ते जिच्याकडे खोली घेऊन राहायचे त्या घरमालकिणीला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. ती सकाळी मेव्हिसच्या बशीत एक सॉसेज जास्त वाढायची आणि तोंडाने चकार शब्द काढायची नाही. कंपनीतही सगळे मूग गिळून. घरचं घरी ठेवून यायचं, ही नाटकवाल्यांची जुनी रीत. भित्र्या लोकांना अशा रीती फार सोयीच्या पडतात.

मेव्हिस तरी का राहिली? कंपन्या नवरा-बायकोला जोडीने घ्यायच्या आणि पगाराचं पाकीट नवऱ्याच्या हातात द्यायच्या. एकटी बाई कोणाला नको होती. मग मँचेस्टरहून टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं, तिला एकटीला. मालिकेत तिसऱ्या भागात खून होणारी शिक्षिका. पुढच्या सोमवारपासून काम.

रविवारी चहाच्या वेळी तिने ते ऑब्रेला सांगितलं. तो चहा ओतत होता. त्याने किटली कपावरून सरकवली आणि बाकीचा चहा सावकाश तिच्या मनगटावर ओतला. मग रुमालाने टेबल पुसलं.

त्या आठवड्याच्या नाटकात नवरा श्रीमंत बायकोचा गळा दाबतो. ती सोफ्यावर बसलेली, तो मागून येणार, त्याचं तोंड प्रेक्षकांकडे, हात तिच्या गळ्याभोवती. सोमवारी त्याचे हात आले ते ठेवलेले नव्हते, दाबलेले होते. ओठ जेमतेम हलवत तो तिच्या डोक्यावरून पुटपुटला, "मँचेस्टरला जायचंय? गाडी पकडायला तू जिवंत राहायला हवीस ना." तिने दोन थापा मारल्या. त्याने सोडलं, पण थोडं थांबून, मजा घेत. तो हे मुद्दाम करतोय ते तिला कळावं, एवढंच थांबून.

मंगळवारी ती मालकांकडे गेली. एंटविसल मालक चांगला माणूस होता, म्हणजे कुणाचं वाईट झालेलं त्याला बघवायचं नाही, म्हणून तो बघायचाच नाही. गळ्यावरचे वळ पाहून तो म्हणाला, ऑब्रे कामात वाहवत जातो, कलावंत आहे, आणि शनिवारची सगळी तिकिटं गेली आहेत. बुधवारी पकड वाढली. गुरुवारी तिचा आवाज घसा बसलेल्या कुत्र्यासारखा झाला आणि गावच्या पेपरात आलं की मरण इतकं खरं आजवर कुणी दाखवलं नव्हतं. शुक्रवारी तिला काही क्षण अंधारच झाला. शुद्ध आली तेव्हा ती सोफ्यावर पडली होती आणि नाटक पुढे गेलं होतं. बेशुद्ध पडली हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. इतकी वर्षं इतकं सुरेख मरण्याचं हे फळ.

विंगेत मिस ट्वाइन दोरीपाशी बसायची, पडदा तिच्या हातात. मेव्हिसने तिला विनवलं, की उद्या मी हात खाली टाकून बोटं पसरली तर पडदा पाडा. मिस ट्वाइनने विणकामाची ओळ पुरी केली.

"बाई, पडदा इन्स्पेक्टरच्या वाक्यावर पडतो," ती म्हणाली. "माझ्या मनाने मी तो कधी पाडला नाही. तुम्ही उद्या आजारी पडा ना."

आजारी कशी पडणार? बदली नट ठेवण्याची ऐपत त्या कंपनीची नव्हती. ती आली नाही तर खेळ बंद, आणि खेळ बुडवणाऱ्या बाईचं नाव सोमवारच्या आत मँचेस्टरला पोचलं असतं. हे ऑब्रेलाही पक्कं माहीत होतं. तो शनिवारी दुपारी शीळ वाजवत दाढी करत होता, आणि तिला पहिल्यांदाच नुसती भीती नाही, तर संताप आला. हा मला मारणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि मी कायदा पाळत पडून राहणार.

शनिवारी थिएटर खचाखच भरलं होतं. दुसऱ्या अंकात त्याचे हात आले. अंगठे मानेच्या मागे, बोटं पुढे नरड्यावर. तिने मनगटं धरली, सवयीने स्वतःकडे ओढली, आणि ओढल्याबरोबर कळलं की आज आपणच त्याला मदत करतो आहोत. "आज नाही सोडणार," तो म्हणाला. दोन थापा. त्याने दाबलं. पुन्हा दोन थापा. नरड्यात काहीतरी कच्चकन सरकलं. पाय झाडताना तिची चप्पल उडून पहिल्या रांगेत पडली. तिच्या डोळ्यांपुढे दिवे लाल झाले, मग काळे व्हायला लागले.

तिने त्याची मनगटं सोडली. चाचपडत डाव्या हाताची करंगळी शोधली, मुठीत धरली आणि कोळ्याच्या मुलीने दोर ओढावा तशी मागे ओढली. हाड मोडल्याचा आवाज वरच्या गॅलरीपर्यंत गेला. ऑब्रे जे ओरडला ते त्याच्या आयुष्यातलं एकमेव खरं वाक्य असेल, आणि त्यात शब्द नव्हते. त्याने उजव्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. दात हलला, नाकातून रक्त उसळलं. ती सोफ्यावरून घरंगळत शेगडीपाशी पडली, आणि तिथे निखारे ढोसायची लोखंडी सळई होती. लाकडाची सळई खोटी दिसते म्हणून मालकांनी खरी ठेवली होती. ती तिने त्याच्या गुडघ्यावर घातली. पुन्हा एकदा घातली. तो खाली बसला.

गॅलरीने टाळ्यांचा कडकडाट केला. काय खून रंगलाय, असं त्यांना वाटलं.

इन्स्पेक्टरचं काम करणारा नट विंगेत पाय रोवून उभा राहिला होता. त्याचं वाक्य येईना, त्यामुळे पडदाही पडेना. "आडवी हो," मालक विंगेतून दबक्या आवाजात म्हणत होते, "मेव्हिस, आडवी हो, तू मेलीयेस." तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग समोरच्या तीन पायऱ्या उतरून, रंगवलेल्या तोंडाने, एका चप्पलेवर, ती सरळ प्रेक्षकांत आली. नट रंग लावून प्रेक्षकांच्या बाजूला कधी येत नाही. टाळ्या विरत गेल्या.

ऑब्रे लंगडत तिच्या मागे आला. आता लोक बघताहेत याचंही त्याला भान नव्हतं. मधल्या वाटेवर त्याने तिचे केस धरले आणि मान मागे खेचली. तेवढ्यात पहिल्या रांगेच्या कडेची ॲनिस सॅगर उठली. साठी उलटलेली, अंगाने काडी, पण माग चालवून हातपाय लोखंडाचे. तिचं अख्खं आयुष्य लाकडी तळव्याच्या, लोखंडी पट्टीच्या क्लॉग बुटांत गेलं होतं. थिएटरलाही ती तेच घालून यायची. तिने घागऱ्याचा घोळ वर धरला आणि तो बूट त्याच्या नडगीवर असा घातला की हाड वाळक्या फांदीसारखं वाजलं. तो पडला. मग दुसरी उठली, तिसरी उठली. बायका काही बोलत नव्हत्या. त्या रांगेने येत होत्या, लाथ घालत होत्या आणि पुढच्या बाईला जागा करून देत होत्या. तो आधी शिव्या देत होता, मग गयावया करत होता, मग नुसताच कण्हत होता. मधल्या वाटेच्या गालिच्यावर त्याचा दात पडला. एकीने तो बुटाने खुर्च्यांखाली सारला, कचरा सारावा तसा.

"पुरे," ॲनिस शेवटी म्हणाली. "जिवंत राहू दे. बोलायला तोंड पण राहू दे त्याला. आम्ही वाचू."

मेव्हिसला काही कळलं नाही. ती नाकाचं रक्त बाहीने पुसत उभी होती. ॲनिसने आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला.

"गाडी पकडायला तू जिवंत राहायला हवीस, असं म्हणाला तो तुला," ॲनिस म्हणाली. "आणि आज नाही सोडणार म्हणाला. ओठ हलले की आम्हाला कळतं गं. आवाज लागत नाही."

मेव्हिसने त्या तीन रांगांकडे पाहिलं. टॉफी चघळणारी तोंडं आता सगळी बंद होती. बऱ्याच जणी जमिनीकडे बघत होत्या.

"म्हणजे तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज फाटका होता, तरी गॅलरीपर्यंत पोचला.

ॲनिसने तिच्या अंगावरच्या कोटाचं वरचं बटण लावलं. 

"सोमवार कसला, पोरी. दोन वर्षं झाली तो तुला स्टेजवर असं पुटपुटतोय. तू उठत नव्हतीस, मग आम्हालाही वाटायचं, खेळ आहे, मध्ये कसं उठायचं."

मेव्हिसने तिच्या थोबाडीत एक दिली. जोरात, खरी, अजिबात न आवरता. ॲनिसने गालाला हातही लावला नाही. मग मेव्हिस तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि पडदा पडेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.