साळवे सरांच्या कपाळावरचं गंध

आमचं कॉलेज फादर लोकांचं, सावेडीच्या थोडं पुढे. मी तिथे हिंदी शिकवते. नाव अल्मास, त्यामुळे मत कुणाला देणार हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांनी ते परस्पर ठरवून टाकलंय. श्रीमंत साळवे सरांचंही तसंच ठरवलेलं होतं. सर राज्यशास्त्राचे, मूळचे कोपरगावकडचे, पिढीजात कॅथलिक. त्यांच्या बाबतीत हिशेब चुकला.

प्राचार्य फादर निवडणुकीत कुणाचं नाव घेत नाहीत. कॉलेजच्या चॅपलमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की 'संविधानासाठी प्रार्थना करू या' एवढंच म्हणतात, आणि ज्याला जे कळायचं ते कळतं. यंदा साळवे सर मात्र गळ्यात भगवं उपरणं घालून दुसऱ्या बाजूच्या प्रचारात फिरले. कारण अगदी साधं होतं. त्यांची आई, दगडाबाई, गेल्या वर्षी वारली. दफनभूमीची भिंत पडलेली, आत डुकरं शिरायची. सरांनी सगळ्यांचे उंबरे झिजवले आणि शेवटी भिंत बांधून दिली ती त्या बाजूच्या उमेदवाराने. बदल्यात तो एवढंच म्हणाला, "सर, आमच्याबरोबर दिसत जा."

उपरण्यातला सरांचा फोटो मोबाईलवर फिरला. कॉलेजात सरांना कुणी वाकडा शब्द बोललं नाही. चॅपलमधलं बायबलचं वाचन गुपचूप दुसऱ्याकडे गेलं, चहाला हाक येईनाशी झाली. तिकडे पक्षाची पोरं त्यांना 'आमचे फादर' म्हणून हसायची. यापेक्षा उघड भांडण बरं, असं मला वाटायचं. ही असली सभ्य शांतता मला चांगली माहीत आहे आणि तिचा मला मनापासून संताप येतो. सर मात्र तासाला जात, तासावरून येत.

त्यांनी एकच गोष्ट मागितली: आईच्या वर्षाची मिस्सा आपल्या चॅपलमध्ये व्हावी आणि तिच्या नावाने स्वतः ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यावी. प्राचार्य लगेच 'हो' म्हणाले, पण ऐनवेळी त्यांना पुण्याला जावं लागलं. मिस्सा नुकत्याच आलेल्या तरुण फादरांकडे आली. त्यांनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं.

उमेदवाराने भिंतीचं उद्घाटनही त्याच सकाळी ठेवलं. सर तिथून धावतपळत आले आणि शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी टेकले. कपाळावर नारळ फोडतानाचं ओलं गंध होतं. मला ते दिसलं, पण त्यात वावगं काही वाटलं नाही. कॉलेजात निम्म्या कपाळांवर गंध असतं.

फादरांनी दगडाबाईंच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. मग प्रसादाची रांग लागली. आमच्याकडे बिगरख्रिस्ती शिक्षकही मानाने रांगेत उभे राहतात. त्यांना प्रसाद नसतो. फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मीही सरांच्या मागे उभी राहिले.

सरांनी दोन्ही तळवे पुढे केले. फादरांनी आधी कपाळ पाहिलं. मग हसून, फार प्रेमाने, सरांचे तळवे मिटवले आणि डोक्यावर हात ठेवला.

"प्रभू तुमचं भलं करो."

"आमेन," सर म्हणाले आणि बाजूला झाले.

बाहेर आल्यावर मी चिडले. "सर, अहो, सांगायचं ना! अजून वेळ गेली नाही. मी जाऊन बोलते फादरांशी."

"नका मॅडम. पोरगं चांगलं हाय ते. त्याची काय चूक?"

"पण आईची मिस्सा होती."

सर चॅपलच्या पायरीवर बसले. रुमाल काढला, पण कपाळ पुसलं नाही, नुसता हातात धरला. शिकवताना कधी न येणारी गावाकडची बोली त्यांच्या तोंडात आली होती.

"सांगनार हुतो. तोंड उघडलंबी हुतं. म्हनलं, आता राग येईल, न्हाईतर रडू तरी येईल." त्यांनी रुमालाची घडी मोडली. "कायच आलं न्हाई, मॅडम. आईचं नाव घेतलं तवाबी न्हाई. त्येचंच भ्या वाटाय लागलंय."

आतून नवे फादर दगडाबाईंचा मुलगा आला होता का, असं कुणाला तरी विचारत होते.