सहलीला नेलेली मेंबर

येरमाळ्याच्या पुढं एका हॉटेलामागं पत्र्याचा संडास होता. मी आत. दाराची कडी तुटलेली, म्हणून म्या दार एका हातानं धरलेलं. बाहेर एक बाप्या दाराला पाठ लावून उभा, अन् फोनवर मोठ्यानं सांगतोय, "हाय, हाय. आतच हाय. न्हाय पळत. मी दारातच उभा हाय."

हॉटेलात चहा पिणारी माणसं हसली. मला आत ऐकू आलं. लघवीसुद्धा होईना. तशीच उठले, लुगडं नीट केलं अन् बाहेर आले. तो बाप्या माझ्याच वयाचा. म्हणाला, "झालं का? चला, बसा गाडीत."

मी कोण होते? चोर न्हाय, कैदी न्हाय. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची मेंबर होते. नुकतीच निवडून आलेली. गुलाल अजून भांगात होता.

हा बाप्या म्हणजे आबाचा मेव्हणा. आबा म्हणजे गावचा पुढारी. सरपंच कोणी बी असू, सही कोणाची बी असू, आबा म्हणतील तसंच पंचायतीत होतं. वाशीला तहसीलात जायचं तरी लोक आधी आबाच्या वट्ट्यावर जातात. माझी जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाली, तवा आबा स्वतः आमच्या वस्तीत आले. पहिल्यांदाच. उभ्या उभ्या बोलले, बसले न्हाईत. म्हणाले, "तू फॉर्म भर. वस्तीला पाइप आणायचं माझ्याकडं लागलं."

पाइप म्हणजे पाण्याचा. गावाची टाकी हाय, नळ हायेत, पण पाइप मारुतीच्या पारापाशी येऊन थांबलाय. तिथून आमची वस्ती हाकेच्या अंतरावर. कधी म्हणतात निधी न्हाय, कधी म्हणतात मंजुरी न्हाय, कधी म्हणतात रस्ता फोडता येत न्हाय. आमचा हापसा उन्हाळ्यात नुसता खडखडतो. मंग बायांनी घागरी घेऊन पारापाशी जायचं अन् दुसऱ्याचं भरून झाल्यावर आपली घागर लावायची. कोणी चार शब्द बोललं तर खाली मान घालून ऐकून घ्यायचं. माझी आई तसंच करत होती, सासू करत होती, मी बी करत होते.

म्हणून म्या फॉर्म भरला. दारोदार गेले. प्रत्येक दारात एकच बोलले, "मला निवडून द्या. पाइप आला न्हाय तर माझ्या दारात या अन् ईचारा." आमच्या वस्तीत सोजरमाय म्हणून म्हातारी हाय, तोंडाची लई फटकळ. ती म्हणाली, "ईचारू तर! निवडून आल्यावर दार उघडं ठीव म्हणजे झालं." सगळ्या हसल्या. मी बी हसले.

निवडून आले, अन् दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला गाडी दारात.

आमच्या भागात हे लेकरालाबी ठाऊक हाय. उपसरपंच मेंबरं हात वर करून निवडतात. तवर समोरच्या पार्टीनं आपला मेंबर फोडू नये म्हणून त्याला गाडीत घालून लांब न्यायचं, अन् हात वर करायच्या दिवशीच गावात आणायचं. ह्याला सहल म्हणतात. कोणाला ह्यात वंगाळ वाटत न्हाय. उलट कौतुकानं ईचारतात, "औंदा कुठं? गोव्याला का?"

अन् खरं सांगते, मला आनंद झाला व्हता. मी जन्मात कधी सहलीला गेले नव्हते. सोयाबीन काढायला टेम्पोत बसून गेले तेवढंच माझं फिरणं. आबा म्हणाले समुद्र दाखवू. शेजारणीनं तिचं नवं लुगडं दिलं. सासूनं धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी गाडीत बसताना हात हलवला, अगं बाई, वरमाईसारखा! आता आठवलं तरी स्वतःचाच राग येतो.

समुद्र न्हाय न् काय न्हाय. बार्शीच्या पुढं शेतात कोणाचा तरी बंगला. भोवती उंच भिंत, फाटकाला कुलूप. आल्या आल्या मेव्हण्यानं सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले. "हितं रेंज न्हाय, कशाला पायजे," म्हणाला, अन् लगीच स्वतःच्या फोनवर बोलत बाहेर गेला.

आम्ही आबाच्या पार्टीचे पाच मेंबर. त्यात बाया दोनच. मी अन् मंदाकाकू. मंदाकाकू मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांच्या मालकाची जागा बाईला राखीव निघाली म्हणून त्या उभ्या राहिलेल्या. बापे दिवसभर पत्ते कुटायचे. आम्ही दोघी खोलीत. भिंतीकडं बघायचं, जेवायचं, परत भिंतीकडं बघायचं.

पहिल्याच दिवशी पाणी आलं. सगळ्यांना स्टीलचे गिलास. मला कागदी. मला वाटलं गिलास कमी पडले असतील. दुपारी चहा आला, तवा बी कागदीच. म्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला म्हणलं, "मला बी स्टीलचा द्या की." ती बिचारी मेव्हण्याकडं बघायला लागली. मेव्हणा म्हणाला, "तुला कागदीच बरा. धुवायची कटकट न्हाय."

बाकीचे तीन मेंबर, ज्यांच्या संगं माझा फोटो एकाच बॅनरवर लागलेला, पत्ते पिसत राहिले. मंदाकाकूनं मान खाली घातली. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण चहा तसाच पिले. फाटकाला कुलूप, फोन पिशवीत, गाव लांब. भांडून जाणार कुठं?

त्या सांजच्याला मंदाकाकू हळूच म्हणाल्या, "तुला वाईट वाटलं, व्हय? मला बी वाटलं गं. पण मी काय बोलणार? मी मेंबर हाय हे मला बी मालकानं सांगितलं. मी फॉर्मवर नुसती सही केली."

"मंग काकू, तुमी कोणासाठी हात वर करणार?"

"आबाचा पुतण्या. त्यो काय, बाहेर पत्ते कुटतोय. दुसरं कोण?"

"तुमाला पटतो का त्यो?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं काय म्या लई येडपट ईचारलं. म्हणाल्या, "बाई, मला पटतंय का, हे मला जन्मात कोणी ईचारलं न्हाय." अन् पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. बंगल्यात एसी होता, गाद्या होत्या, दोन टाइम मटण होतं. दोघी बी कोंडलेल्याच होतो.

मंग एक दिवस आबा आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे. सगळे उठून उभे राहिले. मी बी. आबांनी पुतण्याचं नाव सांगितलं, हात कवा वर करायचा ते सांगितलं, अन् कोणाला काय ईचारायचं का म्हणाले. ते नुसतं म्हणायचं असतं. कोणी ईचारत नसतं. म्या ईचारलं.

"आबा, पाइपाचं कधी करायचं?"

आबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "पाइप? तुला हात वर करायला निवडून आणलंय. तोंड उघडायला न्हाय."

सगळे हसले. मेव्हणा तर पोट धरून हसला. मंग आबा जरा मायेनंच म्हणाले, "येडे, आता पाच वर्षं तुला कोणी काय ईचारणार न्हाय. निवांत ऱ्हा."

ते निवांत माझ्या काळजात घुसलं. तोंड उघडायला न्हाय, हे म्या लहानपणापासून ऐकलेलं. त्याची सवय झालेली. पण हे दुसरं नवं होतं. आबा मला बक्षीस देत होते. ज्या बायांनी उन्हात उभ्या राहून मला मत दिलं, त्यांच्यापासून मला वाचवत होते. आबा स्वतः आयुष्यभर तसेच निवांत राहिले होते, अन् आता त्या निवांतपणात मला वाटा देत होते.

घरी माझ्या मालकाशी बोलायचंय म्हणून म्या हट्ट धरला. मेव्हण्यानं फोन लावला, पण स्पीकरवर. म्या म्हणलं, "मला हितं ऱ्हायचं न्हाय." तिकडून मालक म्हणाले, "गप ऱ्हा. आबा मला पंचायतीत पाणी सोडायच्या कामावर घेणारेत. त्यांचं ऐक." सगळ्यांसमोर. मेव्हण्यानं फोन बंद केला अन् म्हणाला, "झालं समाधान?"

आपल्याच वस्तीला पाणी न्हाय, अन् माझा नवरा गावाला पाणी सोडणार. मला हसू बी आलं अन् रडू बी.

हात वर करायच्या दिवशी गाडी थेट पंचायतीच्या दारात लावली. आमच्या वस्तीतल्या बाया तिथं उभ्या. माझ्या दारात येऊन येऊन, मी भेटंना म्हणून कट्टाळल्या होत्या. सोजरमाय पुढं आली, "काय गं पोरी, कुठं गेलती? पाइपाचं काय?" मेव्हण्यानं तिला हातानं बाजूला सारलं. सत्तरीची म्हातारी, भिंतीला टेकली. अन् त्यानं मला दंडाला धरून आत नेलं.

आत निवडणूक घ्यायला आलेले साहेब बसलेले. समोरच्या पार्टीचे चार मेंबर बी बसलेले. जागरणानं डोळे सुजलेले. त्यांना महाबळेश्वरला नेलं होतं म्हणं. त्यांच्या बी मागं त्यांचा राखणदार उभा. म्हणजे गावानं निवडलेली माणसं अख्खी बांधून आणलेली, इकडची बी अन् तिकडची बी.

साहेब म्हणाले, "ह्यांच्या बाजूचे हात वर करा." आबाचा पुतण्या उभा राहिला. हात वर गेले. मंदाकाकूचा बी गेला, हळूहळू. माझा न्हाय गेला. मेव्हणा खिडकीतून डोळे वटारत होता. पण मी उठून बोलले.

"साहेब, मला आधी माझ्या वार्डातल्या बायांना ईचारायचंय. त्या बाहेर उभ्या हायेत."

साहेब म्हणाले, "तसं नियमात नाही, बाई. इकडं हात वर करा, तिकडं करा, नाहीतर तटस्थ लिहितो."

"लिवा."

त्यांनी लिहिलं. अन् पुतण्या निवडून आला. माझ्या हातावाचून. महाबळेश्वरहून आलेल्या एकानं आबाच्या बाजूनं हात वर केला होता. त्याला काय मिळालं ते देव जाणे. मला वाटलं होतं माझ्या न्हाय म्हणण्यानं छत कोसळंल. काय बी झालं न्हाय. बाहेर फटाके वाजले.

मालकाला मिळणारं काम गेलं. दुसऱ्याला लागलं. मालक कितीतरी दिवस माझ्या हातचं जेवले न्हाईत. सासू म्हणाली, "शाणी झालीस लई." पाइप पारापाशीच थांबला.

बाया दारात आल्या. म्या सगळं सांगितलं. कुलूप, फोन, कागदी गिलास, संडासाचं दार. मला वाटलं पाठ थोपटतील. सोजरमाय म्हणाली, "मंग पाइप?"

"न्हाय येणार इतक्यात."

"मंग तुला कशाला निवडून दिलं?"

मला असा राग आला! तोंडावर दार लावून घ्यावं वाटलं. आबानं दिलेलं निवांतपण हेच, दार लावून घेणं. म्या दार लावलं न्हाय. खाली बसले अन् म्हणलं, "बरोबर ईचारलंस माय. अजून ईचार." त्या ईचारत राहिल्या, मला जे येत होतं ते सांगितलं, जे येत न्हवतं ते येत न्हाय म्हणलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला मेंबर झाल्यासारखं वाटलं.

आता बाजाराच्या आदल्या दिवशी मी हापशापाशी बसते. ज्याला ईचारायचं त्यानं ईचारावं. मंदाकाकू एकदा चोरून आल्या, मागं बसल्या, उठून गेल्या. येतील परत.

गेल्या ग्रामसभेला आम्ही सगळ्या गेलो. आमच्या गावात ग्रामसभा भरत न्हाय. शिपाई घरोघर जाऊन सह्या आणतो, सभा झाली. आम्ही जाऊन बसलो तवा सतरंजी सुद्धा अंथरलेली नव्हती. म्या उभं राहून म्हणलं, मेंबरनं हात वर करण्याआधी वार्डाला ईचारलं पायजे. हात कोणासाठी वर केला ते गावासमोर सांगितलं पायजे. सांगत नसंल तर त्याला खाली ओढायचा हक्क वार्डाला पायजे. मेंबरला, सरपंचाला, वर आमदाराला बी. अन् पहिली मला.

ग्रामसेवक म्हणाले, "असा कायदा नाही."

"मंग करा. न्हाय तुमच्याकडून झालं तर वर लिहा. आम्ही बसलोय."

आबा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. सोजरमाय त्यांच्याकडं वळली अन् म्हणाली, "आबा, पाइपाचं तुमी कबूल केलं व्हतं. काय झालं?" आबाच्या तोंडाला तोंड देऊन कोणी असं ईचारलेलं त्या गावानं पाहिलं नव्हतं. आबा उठून गेले.

आठवड्यात मला नोटीस आली. माझं घर गायरानावर हाय, म्हणजे सरकारी जागेवर अतिक्रमण, म्हणून मेंबरकी रद्द का करू नये. आमची अख्खी वस्ती आज्यापणज्यापासून गायरानावर हाय. दुसरी जागा गावानं आम्हाला कधी दिलीच न्हाय. फॉर्म भरताना आबाला ते घर दिसलं न्हाय, आता दिसलं. मालक म्हणतात, पाय धर जाऊन. मेव्हणा रस्त्यात आडवा येऊन म्हणाला, "मेंबरकी बी जाईल अन् घर बी."

घरासाठी वस्ती भांडंल, मी पुढं राहीन. मेंबरकी जाईल. बहुतेक जाईलच. जाऊ द्या.

ईचारायला मेंबरकी लागत न्हाय. मी ह्या गावची मतदार हाय, तेवढं पुरं. फुडची ग्रामसभा भरंल तवा मी जाणार, अन् आबा ज्या खुर्चीवर बसतील तिच्या समोर जमिनीवर बसणार. ते उठून घरी गेले तर त्यांच्या वट्ट्यापुढं जाऊन ईचारणार. उत्तर येईस्तोवर ईचारणार.