नवसाबाईचा डब्यावरचा भाऊ

सायखेड्याच्या नवसाबाईला भाऊ नव्हता. आईबापांना कितीतरी नवसांनंतर ती एकटीच झाली आणि तिच्यामागं पाळणा हलला नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. लग्नानंतरची बारा वर्षं तिनंही मळ्याच्या बांधावर उभं राहून चंद्रालाच ओवाळलं. "चंद्र साऱ्या जगाचा," ती म्हणायची. "माझ्या वाट्याला किती येणार?"

१९९४ साली तिच्या घरात आबाजी आला.

आला तो पत्र्याच्या डब्यावरून. 'आबाजी छाप' फ्लॉवरचं बी. डब्यावर फेटा बांधलेला, जाड मिशांचा माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात टोपलीएवढा पांढरा गड्डा. त्या वर्षी फ्लॉवर असा आला, की नाशिकच्या मार्केटात व्यापारी तिची पाटी खाली टेकू देईनात. नवसाबाईनं रिकामा डबा भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि त्या दिवाळीला चंद्राकडं पाठ करून आबाजीला ओवाळलं.

मग तो माणूस हळूहळू तिच्या बोलण्यात राहायला लागला. आबादादाचा मळा पेठच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. बायको कजाग, म्हणून त्याचं येणं होत नाही. गूळ फार खातो. बोलतो कमी, पण शब्दाचा पक्का. दर वर्षी नवा डबा यायचा, पण माणूस तोच.

नवरा धोंडीराम हसायचा. "तुझ्या भावाला म्हणावं, एकदा लुगडं तरी घेऊन ये."

"तुमच्या बहिणीला तुम्ही किती नेसवली?" ती विचारायची. धोंडीराम बैलांना पाणी पाजायला निघून जायचा.

१९९८ साली शेजारच्या झुंबरबाई, फुलाबाई आणि सरुबाई तिला म्हणाल्या, तुझ्या भावाचं बी आम्हालाही दे. चौघींत मिळून एकच मोठा डबा आणला. बी वाटून घेतलं, डबा नवसाबाईकडं राहिला.

त्या वर्षी फ्लॉवर धरलाच नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली तरी पानंच पानं, आणि पोटात सुपारीएवढा गड्डा. चारही मळ्यांत तीच गत. शेतकी खात्याचे साहेब बांधावर आले. पानं बाजूला सारून त्यांनी पाहिलं.

"बीच खोटं आहे. भरपाई मिळेल," ते म्हणाले. "पण दुकानदाराच्या चिठ्ठीवर काहीच लिहिलेलं नाही. डब्याच्या बुडाशी शिक्क्याचा नंबर असतो, सगळं त्याच्यावर. डबा कुठंय?"

सगळ्यांनी नवसाबाईकडं पाहिलं. "कुठंतरी ठेवलाय," ती म्हणाली. "शोधावा लागंल."

"दिवाळीनंतर येतो. तोवर शोधा."

संध्याकाळी झुंबरबाई तिच्या ओट्यावर येऊन बसली. आतल्या देवळीकडं बघत म्हणाली, "नवसा, डबा तर समोर दिसतोय."

"आत्याबाई, त्याच्यावर केस करायची का?"

"चित्रावर कोण केस करतंय? कंपनीवर करायची."

"चेहरा तर त्याचाच हाय."

"अगं, माझ्या मनीषाचं लगीन माघात धरलंय. ह्या पिकावर धरलंय. ते तुझा दादा लावून देणार का?"

नवसाबाईनं बोटानं जमीन उकरली. मग म्हणाली, "भाऊबीज होऊ द्या. दुसऱ्या दिशी मी माझ्या हातानं नेऊन देते. शब्द देते."

झुंबरबाईनं शब्द घेतला.

भाऊबिजेच्या सकाळी नवसाबाईनं पाट मांडला. इतकी वर्षं तिनं नुसतं ओवाळलं होतं. पण सख्ख्या भावाला बहीण तेल लावते, उटणं लावते, न्हाऊ घालते. आता हा परक्या माणसांच्या हाती जायचा, ते त्याला काय काय बोलणार. जाताना तरी त्याचं सगळं करावं, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं कोमट तेल घेऊन डबा चोळला. वरून, बाजूनं, खालून. उटण्यानं घासला, कढत पाण्यानं धुतला, पदरानं कोरडा केला, कुंकू लावलं. पदरावर निळा डाग पडला. तो डाग डब्याच्या रंगाचा असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तिनं डबा दोन्ही हातांनी पुढं केला. साहेबांनी तो उलटा केला. बूड आरशासारखं लखलखत होतं.

"नंबर कुठाय?"

साहेबांनी डबा उन्हात धरून फिरवला आणि परत तिच्या हातात दिला. "आता काही होणार नाही," ते म्हणाले.

"पुसलास?" झुंबरबाईनं विचारलं.

"न्हाऊ घातलं, आत्याबाई. भावाला घालतात तसं."

"आधी म्हणालीस सापडत नाय. मग म्हणालीस भाऊबीज होऊ द्या." झुंबरबाईचा आवाज वर चढला नाही. "वेळ कशाला मागितलास, ते आता कळलं."

"नंबर पुसला जाईल हे मला खरंच ठाऊक नव्हतं, आत्याबाई."

तिच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. धोंडीरामचाही नाही. तो आठ दिवस तिच्या हातचं जेवला नाही. मनीषाचं लग्न माघात झालं नाही. पुढं ते स्थळच मोडलं, आणि दोन वर्षांनी तिला एका बिजवराला दिली. डबा नवसाबाईनं गोदावरीत सोडला. त्यानंतर भाऊबिजेला तिनं कुणालाच ओवाळलं नाही, चंद्रालाही नाही.

बायका तिच्याशी भांडल्या नाहीत. मार्केटला जाताना टेम्पोत सरकून जागा द्यायच्या, पण मधे पाट्या ठेवायच्या.

२००५ साली झुंबरबाई वारली. शेवटची अंघोळ घालायला बायका अंगणात जमल्या. नवसाबाई गेली, चुलीवरच्या हंड्यातून तिनं तांब्या भरला आणि पाटाजवळ आली. फुलाबाईनं तो तांब्या सावकाश तिच्या हातातून काढून घेतला.

"तू नको घालू," ती म्हणाली.

नवसाबाई मागं सरली आणि कुडाला टेकून उभी राहिली. अंघोळ उरकेपर्यंत ती तिथंच होती.