ट्रिप्ड, रीसेट, नॉर्मल

लाल दिव्याचं बटण साहेबांनी माझ्यादेखत तिसऱ्यांदा दाबायला घेतलं, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"शिंदे, हात सोड."

"साहेब, आता दाबलंत तर मी निघालो."

कारखान्यात असतो तर असं बोलायची माझी टाप नव्हती. करंदीकर साहेब डिझाइनमध्ये वरच्या खुर्चीवर, मी मेंटेनन्सचा टेक्निशियन. अख्खी नोकरी त्यांनी पॉवर स्टेशनचे अवाढव्य बॉयलर कागदावर काढले. हातात स्पॅनर धरलेले मी तरी त्यांना कधी पाहिलं नाही. रिटायर झाल्यावर मी भोपाळलाच अवधपुरीत राहून बर्नरची सर्व्हिसिंग करू लागलो आणि साहेबांनी मिसरोदला बंगला बांधला. मग मुलाकडे कॅनडाला गेले, तिथे तळघरात तेलावरचा बॉयलर पाहिला आणि परत येऊन तसाच डिझेलवरचा इथे बसवून घेतला. भोपाळची थंडी ती काय, दीड-दोन महिन्यांची. शेजारीपाजारी गीझरच्या पाण्याने आंघोळ करून कामाला जातात. पण गीझर म्हणजे साहेबांच्या मते खेळणं. आता हा बॉयलर सारखा बंद पडायला लागला, म्हणून मला बोलावणं आलं.

ते बटण काय असतं ते सांगतो. बर्नरमध्ये डिझेलचा बारीक फवारा उडतो, पंखा हवा देतो, ठिणगी पडते आणि ज्योत पेटते. फोटोसेल नावाचा एक छोटा डोळा त्या ज्योतीवर नजर ठेवून असतो. ज्योत दिसली नाही की काही सेकंदांत बर्नर आपणहून बंद होतो आणि लाल दिवा लागतो. याला लॉकआउट म्हणतात. रीसेटचं बटण एकदाच दाबायचं. पुन्हा बंद पडला तर मेन स्विच बंद, तेलाचा व्हॉल्व्ह बंद आणि मेकॅनिकला फोन. कारण दर वेळी न जळलेलं डिझेल आत साचतं आणि पेटतं तेव्हा सगळं एकदम पेटतं. बॉयलरचं दार उखडून अंगावर येतं. मॅन्युअलमध्ये हे ठळक अक्षरांत छापलेलं आहे. पण मॅन्युअल वाचणं साहेबांना कमीपणाचं वाटत असावं.

सकाळपासून किती वेळा दाबलं, हे विचारावं लागलं नाही. बॉयलरशेजारी चक्क लॉगबुक टांगलेलं होतं. सात दहा, ट्रिप्ड, रीसेट, नॉर्मल. सात पंचवीस, ट्रिप्ड, रीसेट, नॉर्मल. पानंच्या पानं तेच, खाली सही. कारखान्यात आम्हा सगळ्यांना हीच खोड होती. काम थांबता कामा नये, म्हणून अलार्म वाजला की गप्प करायचा आणि वहीत लिहून टाकायचं. लिहिलं की जबाबदारी संपली. खोड मलाही होती, नाही म्हणत नाही. पण ती मी घरी आणली नाही.

मी मागची पानं उलटली. दिवाळीनंतरची एक नोंद होती: रस्त्याची धूळ येते, सबब हवेची जाळी प्लायवूडने बंद केली. बर्नरला हवा मिळायची ती याच जाळीतून. हवा कमी पडली, म्हणून काजळी धरली. काजळीने फोटोसेल आंधळा झाला, म्हणून बर्नर ट्रिप व्हायला लागला. आठवड्याने पुढची नोंद: सीओ अलार्म खोटा वाजतो, आउट ऑफ सर्व्हिस. अलार्म खणात सापडला. सेल काढलेले, वर कारखान्यात बांधतात तसा लाल टॅग आणि टॅगवर सुवाच्य सही.

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडून तेल अर्धवट जळलं की तयार होणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो.

"हा खोटा वाजतो, हे कसं ठरवलंत साहेब?"

"धूर नाही, वास नाही. मग कशाला वाजेल?"

इतकी वर्षं बॉयलर डिझाइन केलेला माणूस हे म्हणत होता.

तेवढ्यात बॉयलरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार उघडून करंदीकर वहिनी आल्या. ग्वाल्हेरचं माहेर, स्वभावाने बोलक्या. त्या दिवशी मात्र चौकट धरून उभ्या होत्या.

"भाऊ, चहा टाकू ना?"

"बरं नाही का वहिनी?"

"काय सांगू, महिना झाला. डोकं असं भन्नावतं ना, की बस. मळमळतं पण. हे म्हणतात, मायग्रेन आहे, गोळी घे. इंदूरला बहिणीकडे गेले होते चार दिवस, तिथे एकदम ठीक. घरी आले की फिर वही."

मी कमरेचा, हवेतला सीओ मोजणारा मीटर सुरू केला आणि त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात पाय टाकला. तो किंचाळायला लागला.

मेन स्विच पाडला. वहिनींना अंगणात नेऊन बसवलं. दारं-खिडक्या सताड उघडल्या. साहेब मागून आले आणि म्हणाले, "शिंदे, तुझा मीटर कॅलिब्रेट केलेला आहे का?"

मला शिवी आवरता आवरली नाही. ती इथे लिहीत नाही.

"साहेब, आधी गाडी काढा."

हॉस्पिटलात रक्त तपासलं. मीटर बरोबर होता. डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑक्सिजन लावला. आणखी थोडे दिवस गेले असते तर तुम्ही माझ्याकडे आला नसतात, पोलिसांना बोलावलं असतं, असं त्या सरळ तोंडावर म्हणाल्या. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "इन्हें सिरदर्द कब से है?"

बर्नर किती वाजून किती मिनिटांनी बंद पडला हे सांगणारा माणूस. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मास्क जरा बाजूला करून वहिनीच म्हणाल्या, "जाळी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ह्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं."

वहिनी बऱ्या झाल्या. प्लायवूड मी स्वतः उखडून काढलं, चेंबरमधलं डिझेल पुसून घेतलं, चिमणीतली आणि फोटोसेलवरची काजळी काढली, नोझल आणि फिल्टर बदलला. अलार्म स्वयंपाकघरात लावला, वहिनींचा हात पोचेल तिथे.

आता सर्व्हिसिंगला कुठेही गेलो की मी बॉयलर नंतर बघतो. आधी घरातल्या बाईला विचारतो, तब्येत कशी आहे. साहेब लोकांचं ऐकायला पुढे भरपूर वेळ असतो.